बेडक्याच्या रिपोर्टात सगळीकडे 'आर', आता काय?

माझं काम मायक्रोबायोलॉजी लॅबमधलं, आणि लॅबच्या खिडकीशी रिपोर्ट घ्यायला आलेल्या नातेवाइकांची नजर कागदावर कुठे जाते हे मला आता पाठ झालंय. जंतूचं नाव कोणी वाचत नाही, ते लांबलचक लॅटिन वाचताही येत नाही, नजर थेट खालच्या तक्त्यावर जाते आणि तिथे औषधांच्या नावांपुढे एकाखाली एक आर, आर, आर, आर, मग कुठेतरी एखादा एस (आर म्हणजे रेझिस्टंट, जंतू त्या औषधाला दाद देत नाही; एस म्हणजे सेन्सिटिव्ह, औषध चालतं). चेहरा पडतो आणि मग ठरलेला प्रश्न येतो, "म्हणजे यांच्या शरीराला आता कुठलंच औषध लागू पडणार नाही का?"

आधी हेच सोडवून टाकू कारण इथे गल्लत झाली की पुढचं सगळं चुकतं. शरीराला काहीही झालेलं नाहीये. रेझिस्टन्स माणसाला येत नाही, जंतूला येतो. "मी फार अँटिबायोटिक्स घेतली म्हणून माझ्या बॉडीला सवय झाली" असं लोक म्हणतात पण ही झोपेच्या गोळीची सवय नव्हे. काय होतं की आपल्या नाकात, घशात, आतड्यात कोट्यवधी जंतू मुक्कामाला असतात, अँटिबायोटिक घेतलं की त्यातले मरणारे मरतात, आणि एखाद्याकडे वाचायची काही युक्ती असेल तर तो उरतो आणि मोकळ्या जागेत त्याचंच बिऱ्हाड वाढतं. वर ती युक्ती लिहिलेला जीन पुष्कळदा प्लास्मिडवर असतो, म्हणजे डीएनएच्या एका छोट्या सुट्या कड्यावर, आणि हे कडं एक जंतू शेजारच्या जंतूला, अगदी वेगळ्या जातीच्या जंतूलाही देऊ शकतो. म्हणून असंही होतं की ज्याने वर्षानुवर्षं अँटिबायोटिकला हात लावलेला नाही त्यालासुद्धा पहिल्याच आजारात रेझिस्टंट जंतू भेटतो. तो दुसऱ्याकडून तयार होऊन आलेला असतो.

हे काही आजकालचं फॅड नाही. फ्लेमिंगला पेनिसिलिन दिसलं १९२८ साली, आणि पेनिसिलिन फोडून टाकणारं एन्झाइम जंतूंमध्ये असतं हे अब्राहम आणि चेन यांनी १९४० मध्येच छापलं होतं, म्हणजे औषध लोकांपर्यंत पोचायच्याही आधी. फ्लेमिंगने १९४५ च्या नोबेल भाषणात अपुऱ्या डोसबद्दल बजावलं होतं. आजचा आकडा सांगायचा तर २०१९ या एका वर्षात जगभरात सुमारे १२ लाख ७० हजार मृत्यू थेट रेझिस्टन्समुळे झाले असा अंदाज निघालाय, आणि रेझिस्टंट जंतूंशी कुठला ना कुठला संबंध असलेले मृत्यू जवळपास ४९ लाख ५० हजार. त्यात सगळ्यात मोठा वाटा फुप्फुसाच्या इन्फेक्शनचा, १५ लाखांच्या वर.

पण रेझिस्टन्सच्या आधीचा एक प्रश्न असतो आणि तो सगळेच टाळतात, मुळात हे बॅक्टेरियाचं दुखणं आहे का? सर्दी, बहुतेक घसादुखी, ब्राँकायटिसचा खोकला हे जवळजवळ सगळं व्हायरसचं काम, आणि व्हायरसला अँटिबायोटिक लागूच होत नाही. साध्या ब्राँकायटिसचा खोकला दोन-तीन आठवडे चालतो, मग पाच दिवस गोळ्या घेऊन सहाव्या दिवशी खोकला तसाच असला की लोक म्हणतात औषध लागू पडलं नाही, अजून स्ट्राँग द्या. अहो, औषधाचा तिथे संबंधच नव्हता! दुसरी समजूत हिरव्या बेडक्याची. हिरवा रंग येतो आपल्याच पांढऱ्या पेशींमधल्या एका हिरवट एन्झाइममुळे, त्या पेशी व्हायरसशी लढतानाही येतात, त्यामुळे हिरवा म्हणजे बॅक्टेरिया असं काही नसतं.

न्यूमोनियाचा संशय कधी घ्यायचा तर ताप आहे, श्वास जलद झालाय, ऑक्सिजन खाली येतोय, स्टेथोस्कोप लावला की एका जागी करकर ऐकू येतेय आणि एक्स-रेमध्ये पांढरा डाग आहे. वय झालेल्या माणसाला ताप नसेलही, नुसता गोंधळल्यासारखा बोलायला लागेल आणि खाणं सोडेल. मोठ्या माणसाचा श्वास मिनिटाला ३० च्या वर गेला की अॅडमिट करायचं का हा विचार सुरू होतो. रक्तातली प्रोकॅल्सिटोनिन नावाची टेस्ट हल्ली बरीच केली जाते, तिचा खरा उपयोग अँटिबायोटिक थांबवायचं कधी हे ठरवायला होतो. पेशंट आजारी दिसतोय पण प्रोकॅल्सिटोनिन कमी आहे म्हणून औषध सुरूच करायचं नाही, इतकं मात्र तिच्या भरवशावर राहता येत नाही.

आता माझ्या जिव्हाळ्याचा विषय, बेडक्याची डबी. इतकी दुर्लक्षित वस्तू हॉस्पिटलात दुसरी नसेल. पेशंटला डबी देतात, "थुंकी द्या" सांगतात, तो बिचारा खरंच थुंकी देतो, पातळ, फेसाळ, तोंडातली. आणि तोंड म्हणजे जंतूंचं गाव, तिथली थुंकी वाढवून फुप्फुसात काय चाललंय हे कसं कळणार? हवा असतो तो खोल छातीतून खाकरून काढलेला बेडका, घट्ट, पिवळट, डबीच्या तळाला चिकटून बसणारा. साध्या पाण्याने खळखळून चूळ भरायची, दोन-तीन दीर्घ श्वास घ्यायचे आणि मग पोटातून जोर लावून खोकायचं, थोडासा आला तरी चालतो. जमत असेल तर अँटिबायोटिकचा पहिला डोस जायच्या आधी, कारण एका डोसनंतरही काही नाजूक जंतू लॅबमधल्या जेलीच्या प्लेटवर उगवत नाहीत (पेशंट गंभीर असेल तर बेडक्यासाठी डोस थांबवत नाहीत, हेही तितकंच खरं). आणि डबी लवकर लॅबमध्ये पोचली पाहिजे. ती टेबलावर चार तास पडून राहिली की तोंडातले जंतू आरामात वाढतात आणि खरा गुन्हेगार मरून जातो.

डबी आली की आम्ही पहिलं काम करतो ते ग्राम स्टेन. हान्स क्रिस्टियान ग्राम या डॅनिश डॉक्टरने १८८४ मध्ये ही रंगवायची पद्धत काढली, आणि गंमत म्हणजे काढली तीच न्यूमोनियाने गेलेल्या माणसांच्या फुप्फुसात जंतू बघता बघता. काचपट्टीवर बेडक्याचा पातळ थर द्यायचा, रंगवायचा, मायक्रोस्कोपखाली धरायचा. आधी जंतू बघत नाही, आधी सॅम्पल खरं आहे का ते बघतो. कमी भिंगाखाली एका नजरेच्या गोलात २५ च्या वर पू-पेशी आणि १० च्या आत तोंडाच्या सपाट पेशी असतील तर माल छातीतला आहे. उलट असेल तर ती थुंकी, ती कल्चरला, म्हणजे प्लेटवर जंतू वाढवायला, लावायचीच नाही, दुसरं सॅम्पल मागवायचं. यावर वॉर्डातून ओरडा येतो की तुम्ही सॅम्पल रिजेक्ट का केलं, पण थुंकीतल्या जंतूचा रिपोर्ट दिला तर डॉक्टर त्या जंतूवर औषध देणार आणि खरा जंतू बाजूला राहणार, त्यापेक्षा ओरडा परवडला.

मग कल्चर. प्लेटवर जंतू उगवायला एक दिवस, तो ओळखून कुठलं औषध चालतं हे बघायला अजून एक, म्हणजे ४८ तास कुठे गेले नाहीत. सेन्सिटिव्हिटीची जुनी पद्धत आजही मला सगळ्यात आवडते कारण ती डोळ्यांनी दिसते. जंतूचं ठरावीक गढूळपणाचं पाणी करायचं, कापसाच्या बोळ्याने प्लेटभर सारवायचं, वर औषधात भिजवलेल्या ६ मिलिमीटरच्या कागदी चकत्या ठेवायच्या आणि ३५ डिग्रीला १६-१८ तास ठेवून द्यायचं. सकाळी उघडून बघावं तर प्लेटवर जंतूंची धुरकट साय धरलेली आणि काही चकत्यांभोवती स्वच्छ गोल, जणू कोणी बोटाने पुसून काढलेत. तिथे औषध झिरपलं आणि जंतू वाढला नाही. आणि एखाद्या चकतीला साय अगदी चिकटून, ठिपकाभर जागा नाही. तो तुमच्या रिपोर्टातला आर.

मग ज्याचा गोल मोठा ते औषध भारी, बरोबर? नाही. प्रत्येक औषध वेगळ्या वेगाने झिरपतं, प्रत्येकाची पास व्हायची रेषा वेगळी. मशीनवरच्या रिपोर्टात गोलाऐवजी आकडा असतो, एमआयसी, म्हणजे जंतूची वाढ थांबवायला कमीत कमी किती औषध लागतं. तिथेही तेच. सुडोमोनास नावाच्या जंतूसाठी अमेरिकन मोजमापात पिपरासिलिन-टाझोबॅक्टमपुढे ८ असेल तरी तो एस, आणि सिप्रोफ्लॉक्सॅसिनपुढे २ असेल तरी तो आर. नातेवाईक दोन आकड्यांची तुलना करून "हे कमी आहे मग हे का देत नाही" म्हणतात तेव्हा हे समजावता समजावता माझी दमछाक होते, कारण जे आकडे एकमेकांशी लावायचेच नसतात ते एकाच रकान्यात छापलेले असतात ना.

आणि ही रेषा जंतू कुठे बसलाय त्यावरही बदलते. न्यूमोकॉकस घ्या, न्यूमोनियाचा जुना मानकरी. त्याची पेनिसिलिनची एमआयसी समजा १ आली. हाच जंतू मेंदूच्या आवरणात असेल तर रिपोर्टात आर लिहायचं आणि फुप्फुसात असेल, पेनिसिलिन इंजेक्शनने द्यायचं असेल, तर एस लिहायचं. तोच जंतू, तेच औषध! कारण शिरेतून दिलेलं पेनिसिलिन फुप्फुसात भरपूर पोचतं, मेंदूभोवतीच्या पाण्यात फार थोडं. २००८ मध्ये ही रेषा अशी वेगळी केली आणि कागदावर रेझिस्टंट असलेले कितीतरी न्यूमोकॉकस फुप्फुसापुरते एका फटक्यात साधे झाले. रिपोर्टातला तिसरा शब्द आय, त्यालाही लोक "अर्धवट" समजतात, पण युरोपच्या नियमात २०१९ पासून त्याचा अर्थ आहे, डोस वाढवला तर चालेल.

जंतूंच्या युक्त्या तशा चारच. औषध फोडणारं एन्झाइम बनवायचं, औषध जिथे चिकटतं ती जागा बदलायची, आत आलेलं औषध पंपाने बाहेर फेकायचं, नाहीतर आत येण्याची दारंच बंद करायची. सुडोमोनासकडे चारही असू शकतात म्हणून तो इतका त्रास देतो. पण डॉक्टरच्या दृष्टीने युक्ती कुठली यावर इलाज ठरतो, आणि याचं सगळ्यात सोपं उदाहरण म्हणजे रोजच्या बघण्यातली अमॉक्सिसिलिन. हिमोफिलस नावाचा जंतू एन्झाइम बनवून अमॉक्सिसिलिन फोडतो, त्यावर उपाय म्हणून सोबत क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिड देतात, ते त्या एन्झाइमला गुंतवून ठेवतं आणि अमॉक्सिसिलिन आपलं काम करतं. न्यूमोकॉकस मात्र एन्झाइम बनवतच नाही, तो औषध चिकटण्याची जागा बदलतो, त्यामुळे त्याच्यापुढे क्लॅव्ह्युलॅनिक अॅसिडचा काडीचा उपयोग नाही, तिथे अमॉक्सिसिलिनचाच डोस वाढवायचा, बदललेल्या जागेलाही ते जास्त प्रमाणात असलं की चिकटतं. तरी "साधी अमॉक्सिसिलिन नको, क्लॅव्हवाली द्या, ती स्ट्राँग असते" हे वाक्य मी किती वेळा ऐकलंय. स्ट्राँग नाही हो, ती फक्त वेगळ्या कुलपाची किल्ली आहे.

न्यूमोनिया करणारा आणखी एक जंतू म्हणजे मायकोप्लाझ्मा, त्याची गोष्ट आणखी निराळी. त्याला पेशीभोवतीची भिंतच नसते आणि पेनिसिलिनच्या घराण्यातली सगळी औषधं भिंत बांधण्याच्या कामात खोडा घालतात, मग भिंतच नसलेल्यावर ती काय करणार? त्याच्यावर ॲझिथ्रोमायसिनसारखी औषधं चालायची, आता त्यालाही दाद न देणारे मायकोप्लाझ्मा निघालेत, जीनमधलं एकच अक्षर बदलतं आणि औषध चिकटत नाही. हा नेहमीच्या प्लेटवर उगवत नाही म्हणून तो पीसीआरने, म्हणजे डीएनए शोधणाऱ्या टेस्टने, शोधावा लागतो. मूल दोन-तीन दिवस ॲझिथ्रोमायसिन घेऊनही तापाने फणफणतंय असं झालं की डॉक्टर डॉक्सीसायक्लिन किंवा क्विनोलोन गटाकडे जायचा विचार करतात, वय बघून.

हॉस्पिटलातला न्यूमोनिया हे मात्र वेगळंच जग. अॅडमिट होऊन ४८ तास उलटल्यावर झालेला न्यूमोनिया, आणि त्यात व्हेंटिलेटरवर ४८ तास झाल्यावर झालेला, इथे भेटतात एमआरएसए (मेथिसिलिनला दाद न देणारा स्टॅफिलोकॉकस), सुडोमोनास, क्लेब्सिएला आणि ॲसिनेटोबॅक्टर. हा शेवटचा कोरड्या पृष्ठभागावर, पलंगाच्या कठड्यावर, मॉनिटरच्या बटणांवर दिवसचे दिवस जिवंत राहतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या धोकादायक जंतूंच्या यादीत कार्बापेनेम या भारी औषधांच्या गटाला न जुमानणारा ॲसिनेटोबॅक्टर सगळ्यात वरच्या गटात आहे, २०१७ च्या यादीतही होता आणि २०२४ च्याही.

आता इथेच सगळ्यात मोठा पेच आहे, जो तक्त्यात छापलेला नसतो. व्हेंटिलेटरची नळी चार दिवस घशात राहिली की तिच्यावर जंतू बसणारच. नळीतून ओढलेल्या स्रावात ॲसिनेटोबॅक्टर आला म्हणजे ॲसिनेटोबॅक्टरचा न्यूमोनिया झाला असं नाही, तो तिथे नुसता राहायला आलेला असू शकतो. म्हणून किती आला ते बघतात, ब्राँकोस्कोपने, म्हणजे श्वासनलिकेत घालायच्या दुर्बिणीने, फुप्फुसाचा कोपरा धुऊन काढलेल्या पाण्यात मिलिलिटरला दहा हजार जंतूंच्या वर असेल तर तो गांभीर्याने घ्यायचा अशी एक ढोबळ रेष आहे. पण शेवटी पेशंटकडेच बघावं लागतं. नवा ताप आहे का, ऑक्सिजन वाढवावा लागतोय का, एक्स-रेत नवीन डाग आहे का? यातलं काहीच नसेल आणि रिपोर्टात दहा आर असतील तरी औषध द्यायचं नाही. दहा आर बघून भीती वाटते पण आर हा जंतू किती हट्टी ते सांगतो, तो आजार करतोय की नाही हे सांगत नाही.

४८ तास थांबायला वेळ नसतो, त्यासाठी वेगवान टेस्ट आल्यात. माल्डी-टॉफ नावाचं मशीन प्लेटवर उगवलेल्या जंतूच्या प्रोटीनचा ठसा घेऊन काही मिनिटांत नाव सांगतं. मल्टिप्लेक्स पीसीआर तर थेट बेडक्यातूनच साधारण तासाभरात जंतू आणि काही रेझिस्टन्सचे जीन दोन्ही सांगतो, एमआरएसएचा मेक-ए, कार्बापेनेम फोडणारे केपीसी, एनडीएम, ऑक्सा-४८ वगैरे. फार कामाची चीज आहे पण दोन गोष्टी लक्षात ठेवायच्या. एक, मेलेल्या जंतूचा डीएनए पण तिला सापडतो. दोन, जीन सापडला नाही म्हणजे औषध चालेल असं नाही, पंप आणि बंद दारं तिला दिसत नाहीत. म्हणून पीसीआर झाला तरी कल्चर लावायचंच. नाकातल्या बोळ्याची एमआरएसए टेस्ट मात्र उलट बाजूने उपयोगी, ती निगेटिव्ह आली की फुप्फुसात एमआरएसए असण्याची शक्यता इतकी कमी होते की सुरू केलेलं व्हँकोमायसिन बंद करता येतं.

तोवर पेशंटला द्यायचं काय? अंदाजाने. कुठला जंतू असू शकतो, त्या वॉर्डात सध्या कोण फिरतोय, या पेशंटला गेल्या ९० दिवसांत शिरेतून अँटिबायोटिक मिळालंय का, आधी कधी एमआरएसए किंवा सुडोमोनास निघालाय का, यावरून मोठं जाळं टाकायचं आणि रिपोर्ट आला की ते आवरायचं. हे आवरणंच होत नाही बऱ्याचदा. पेशंट सुधारतोय ना, मग कशाला हात लावा, म्हणून मेरोपेनेमसारखं कार्बापेनेम चालूच राहतं जिथे साध्या सेफ्ट्रिआक्सोनने भागलं असतं. मला यात डॉक्टरची भीती समजते पण पटत नाही.

औषध निवडताना अजून एक गोष्ट बघतात, ते फुप्फुसात पोचून काम करतं का. डॅप्टोमायसिन एमआरएसएवर रक्तात उत्तम, रिपोर्टात ठसठशीत एस, आणि न्यूमोनियात बिनकामाचं! कारण फुप्फुसाच्या फुग्यांना आतून जो सरफॅक्टंटचा थर असतो, ज्यामुळे ते चिकटत नाहीत, तोच थर या औषधाला धरून निकामी करतो. म्हणून फुप्फुसातल्या एमआरएसएला व्हँकोमायसिन किंवा लिनेझोलिड. जेंटामायसिनच्या गटातली औषधंही फुप्फुसाच्या स्रावात कमीच उतरतात, ती एकटी पुरत नाहीत. कोलिस्टिन तर जुनं औषध, मूत्रपिंडाला त्रास होतो म्हणून बाजूला ठेवलेलं, दुसरं काही उरलं नाही म्हणून कपाटातून परत काढावं लागलं. त्याची चकतीवर टेस्टसुद्धा धड होत नाही, रेणू इतका मोठा की आगरमध्ये, म्हणजे प्लेटमधल्या जेलीत, झिरपतच नाही, त्यामुळे चकतीवरचा कोलिस्टिनचा एस दिसला तर त्यावर विश्वास ठेवू नका.

नवीन औषधांत डोकं वापरलेलं दिसतं. २०१५ मध्ये अमेरिकेत मंजूर झालेलं सेफ्टाझिडिम-अॅव्हिबॅक्टम केपीसी आणि ऑक्सा-४८ ला रोखतं पण एनडीएमपुढे हरतं. एनडीएमची एक उणीव आहे, त्याला ॲझट्रिओनाम हे औषध फोडता येत नाही. मग नुसतं ॲझट्रिओनाम द्या की! तर नाही, एनडीएमवाल्या जंतूकडे सहसा आणखी दोन-चार एन्झाइम असतात आणि ती ॲझट्रिओनामला फोडतात. म्हणून दोन्ही एकत्र देतात, अॅव्हिबॅक्टम बाकीच्या एन्झाइमना धरून ठेवतं आणि ॲझट्रिओनाम एनडीएमच्या नाकासमोरून आत जातं. रिपोर्टात गंमत अशी की दोन्ही औषधांपुढे सुटा सुटा आर असतो आणि जोडी चालते! सेफिडेरोकॉल आणखी चलाख, ते लोखंडाला धरतं, जंतूला लोखंडाची हाव, तो स्वतःच दार उघडून त्याला आत घेतो. ॲसिनेटोबॅक्टरसाठी सल्बॅक्टम-डर्लोबॅक्टम २०२३ मध्ये अमेरिकेत मंजूर झालं. ही सगळी मिळतातच असं नाही, आणि मिळाली तरी ती राखीव ठेवायची.

बरेचदा नव्या औषधापेक्षा जुनंच नीट देणं उपयोगी पडतं. पिपरासिलिन किंवा मेरोपेनेमसारखी औषधं रक्तात किती वर गेली यापेक्षा किती वेळ टिकली यावर काम करतात, म्हणून अर्ध्या तासात संपवण्याऐवजी तीन-चार तास हळूहळू सोडतात. औषध तेच, नुसती सलाइनची गती बदलली की हट्टी जंतूवरही जास्त वेळ मारा राहतो.

आणि तीन दिवसांत ताप उतरला नाही की लगेच रेझिस्टन्सवर खापर फोडू नका. छातीत पू साठला असेल तर कितीही भारी औषध द्या, नळी घालून पू काढेपर्यंत ताप हलत नाही. श्वासनलिकेत गाठ अडकलेली असेल, हार्ट फेल्युअरचं पाणी असेल, किंवा टीबी असेल. टीबीचं तर विशेष सांगायला हवं, लेव्होफ्लॉक्सॅसिनसारखी क्विनोलोन टीबीच्या जंतूलाही अर्धवट मारतात, पेशंटला चार दिवस बरं वाटतं, निदान लांबतं आणि क्विनोलोनला रेझिस्टंट टीबी तयार व्हायची सोय होते. म्हणून लांबलेल्या खोकल्यात आधी टीबी तपासावा. टीबीचं कल्चर उगवायला आठवडे लागतात, पण जागतिक आरोग्य संघटनेने २०१० मध्ये मान्य केलेली जीन-एक्सपर्ट टेस्ट दोन तासांच्या आत टीबी आहे का आणि रिफॅम्पिसिन हे टीबीचं मुख्य औषध चालेल का हे दोन्ही सांगते.

किती दिवस द्यायचं याचं उत्तर गेल्या वीसेक वर्षांत बदललंय. फ्रान्समधल्या ५१ आयसीयूंमध्ये ४०१ पेशंटवर झालेला अभ्यास २००३ मध्ये आला, व्हेंटिलेटरच्या न्यूमोनियात ८ दिवस विरुद्ध १५ दिवस. मृत्यूंत फरक नाही. सुडोमोनाससारख्यांत ८ दिवसांच्या गटात इन्फेक्शन जरा जास्त वेळा परतलं, पण एकूण ज्यांचं परतलं त्यांच्यात जास्त रेझिस्टंट जंतू निघाले ते १५ दिवसवाल्यांत. आता व्हेंटिलेटरच्या न्यूमोनियाला साधारण ७ दिवस आणि बाहेरच्या साध्या न्यूमोनियाला, पेशंट सुधारत असेल तर, ५ दिवस पुष्कळ मानतात. म्हणजे "जास्त दिवस घेतलं की रेझिस्टन्स होत नाही" हे उलटंच निघालं. टीबीला हे लागू नाही, तिथे ठरलेले महिने पूर्ण करायचेच. आणि डॉक्टरांनी सांगितलेले पाच दिवस स्वतःच दोनवर आणायचे नाहीत, कमी करायचं ते त्यांच्याशी बोलून.

लस घेतल्याने रेझिस्टन्स कमी होतो हे ऐकून लोकांना नवल वाटतं. अमेरिकेत २००० मध्ये मुलांना न्यूमोकॉकसची सात प्रकारांची लस सुरू झाली आणि लसीतल्या प्रकारांचे रेझिस्टंट जंतू घसरले. मग लसीत नसलेला १९-ए नावाचा प्रकार डोकं वर काढून बसला, तोही रेझिस्टंट, तेव्हा २०१० च्या तेरा प्रकारांच्या लसीत त्यालाही घातलं. फ्लूच्या लसीचाही फायदा आहेच, फ्लूच कमी झाला की त्याच्या पाठोपाठ येणारा न्यूमोनिया आणि विनाकारण दिलेल्या गोळ्या दोन्ही कमी होतात.

डिस्चार्जच्या वेळी दोन गोष्टी हमखास विचारतात. एक्स-रेवरचा डाग अजून दिसतोय, मग इन्फेक्शन आहे का? माणूस बरा असेल, ताप नसेल तर असू दे, डाग पुसायला कित्येक आठवडे लागतात. दुसरं, "परत एकदा बेडका तपासून जंतू गेलाय का बघूया का?" टीबी सोडला तर नको. तो जंतू निघेल, बहुतेक निघतोच, चांगल्या झालेल्या माणसाच्या घशातही तो काही दिवस असतो, आणि मग तो कागद हातात आला की पुन्हा औषध सुरू करायचा मोह आवरत नाही. त्यापेक्षा पहिल्या रिपोर्टचा फोटो काढून तारखेसकट मोबाइलमध्ये ठेवा, जंतूचं नाव आणि खालचा पूर्ण तक्ता नीट दिसेल असा. तीन महिन्यांत पुन्हा छाती भरली तर इमर्जन्सीतला डॉक्टर पहिला डोस त्यावरूनच ठरवेल.